हरणमाळच्या शाळेत भाकरी पोरं थापतात

लातुरात शिकवणी वर्गांच्या गल्ल्या संपतात तिथं, एका झेरॉक्सच्या दुकानामागे, शिवमूर्तीची खानावळ आहे. तिला नाव आहे, पाटीही आहे. पण बाहेरगावहून आलेल्या पोरांना ते नाव कुणी सांगत नाही. "तो बाप्या भाकरी थापतो बघ, तिथं जा," असं सांगतात आणि पोरं बरोबर पोचतात.

शिवमूर्ती पंचेचाळिशीचा आहे. अंगानं बसका, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि मनगटं पैलवानासारखी. दुपारी जेवणाची गर्दी सुरू व्हायच्या आधी तो परातीसमोर मांडी घालून बसतो, तो गर्दी ओसरल्यावरच उठतो. भाजी, वरण आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब बायको उमादेवी बघते. थापताना तो फारसा बोलत नाही. बोलतात ती जेवणारी पोरं.

"मामा, खरं सांगा, हे कुठं शिकलात?" नीटच्या तयारीला माहूरहून आलेल्या एका मुलीनं एकदा विचारलं.

"शाळंत."

"गंमत करून राहिले का?"

"देवाशप्पत शाळंत. बाकी शिकवलेलं ध्यानात ऱ्हायलं न्हाई, एवढं ऱ्हायलं."

सगळी पंगत हसली. शिवमूर्ती खरंच सांगत होता.

ती शाळा म्हणजे हरणमाळची जिल्हा परिषद प्रशाला. हरणमाळ एके काळी लातूरपासून गाडीवाटेवरचं गाव होतं. आता शहरच चालत तिथपर्यंत आलं आहे आणि गाव कुठं संपतं, प्लॉटिंग कुठं सुरू होतं, हे जुन्या माणसालाही सांगता येत नाही. निजामाच्या राज्यात देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत इथं उर्दू मदरसा, म्हणजे त्या वेळची सरकारी शाळा, भरायचा. राज्य गेलं, उर्दू गेली, मराठी आली. पुढं जिल्हा परिषद आली आणि दगडी खोल्या उभ्या राहिल्या. गावातली म्हातारी माणसं अजून शाळेच्या हजेरीला 'हाजिरी' म्हणतात. सतरा सप्टेंबरला मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं की त्यांच्यातलं कुणीतरी पोरांना रझाकारांच्या गोष्टी सांगतं आणि दरवर्षी त्यात थोडी भर घालतं.

इतकं तर मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या प्रशालेत सापडेल. हरणमाळचं वेगळेपण फेब्रुवारीत दिसतं. इतर शाळांत निरोप समारंभाला नववीचा वर्ग दहावीला जेवू घालतो. इथं दहावी नववीला जेवू घालते, आणि भाकरी दहावीतली मुलं थापतात. मुली त्या दिवशी चुलीकडे फिरकत नाहीत. त्या भाषणं करतात.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली त्या काळातली ही सुरुवात. तेव्हा वीरण्णा नावाचे मुख्याध्यापक होते. गाव त्यांना अण्णा गुरुजी म्हणायचं. एका वर्षी निरोपाच्या दिवशी गावातल्या यच्चयावत बाया ज्वारीच्या काढणीला गेल्या आणि स्वयंपाकाला माणूस उरलं नाही. वर्गात तीन मुली होत्या. न सांगताच त्या उठून चुलीकडे निघाल्या. गुरुजींनी त्यांना परत बसवलं.

"वर्षभर तुम्ही तिघींनी तोंड उघडलं नाही. आज बोला. भाकरी ही टोणगी करतील."

भाकरी कशा झाल्या असतील ते सांगायला नको. गुरुजींनी सगळ्या एका दुरडीत घातल्या, कुठली कुणाची हे कुणी विचारायचं नाही म्हणून बजावलं आणि वरची पहिली स्वतः मोडली. त्या वेळच्या हरणमाळात कोण कुणाच्या हातचं खातो हा साधा प्रश्न नव्हता. गुरुजी लिंगायत. त्यांच्या पानातली भाकर मराठ्याच्या पोरानं थापली होती, मातंगाच्या की तांबोळ्याच्या, हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी ते माहीत करून घेतलं नाही. गावात कुरकुर झाली. पुढच्या वर्षी गुरुजींनी पुन्हा तेच केलं, आणि मग कुरकुर करणाऱ्यांचीच पोरं परातीसमोर बसायला लागली. 'दुरडीत पडली की भाकर शाळेची' हे गुरुजींचं वाक्य त्यांच्या मागं शाळेत राहिलं.

शिवमूर्तीची पाळी आली ती नव्वदच्या दशकात. आई गुरम्मानं त्याला महिनाभर रोज संध्याकाळी चुलीपुढं बसवलं. चुलता येता-जाता म्हणायचा, "वैनी, याला बांगड्या पण भरा की." गुरम्मा म्हणायची, "तुला भरल्या असत्या तर तुझी बायको सुखी झाली असती." निरोपाच्या दिवशी वर्गात सगळ्यात गोल भाकर शिवमूर्तीची झाली. महिन्याभरानं बोर्डाची परीक्षा झाली आणि गणितात तो नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला. मग टायरच्या दुकानात काम केलं, हैदराबादला हॉटेलात भांडी घासली, परत येऊन बापाचं किराणा दुकान चालवलं, आणि लग्नानंतर उमादेवीच्या जिवावर खानावळ काढली. भाकरीला दोन बाया ठेवल्या होत्या.

पहिल्याच वर्षी येळवस आली. येळवशीच्या अमावास्येला लातुरात माणूस घरी सापडत नाही. सगळे रानात आंबील-भज्जी खायला जातात. दोन्ही बाया गेल्या. पण किनवट-माहूरकडच्या पोरांना येळवस ठाऊक नव्हती. ती वेळेवर जेवायला आली आणि रिकाम्या तव्याकडे बघत उभी राहिली. शिवमूर्तीनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बसला. त्या दिवसापासून तो तिथंच बसतो आहे.

हरणमाळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडम त्याच्याकडे आल्या त्या गेल्या डिसेंबरात. मूळच्या धर्माबादच्या, हरणमाळला येऊन त्यांना दुसरं वर्ष. शिवमूर्तीची मुलगी अक्षरा त्यांच्याच शाळेत दहावीत होती, त्यामुळे ओळख होती. खानावळीत निवांत वेळ बघून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या.

"शिवमूर्तीअप्पा, शाळेचं एक काम आहे."

"हुकूम करा, मॅडम."

"निरोप समारंभाच्या भाकरी यंदा तुम्ही द्यायच्या. रीतसर ऑर्डर समजा. पोरांना चुलीपाशी बसवायचं नाही असं मी ठरवलंय."

कारण शिवमूर्तीला माहीत होतं. आदल्या वर्षी सत्यम नावाच्या मुलाचा तवा दगडांवरून घसरला आणि त्याचं मनगट भाजलं. डाग राहिला. त्याचे वडील तक्रार घेऊन वरच्या कार्यालयात गेले आणि मॅडमना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांचं काही चुकत नव्हतं.

पण शिवमूर्तीनं त्यातलं निम्मंच ऐकलं. दोनदा नापास झालेल्या पोराच्या दारात शाळा चालत आली आहे, एवढंच त्याच्या कानात शिरलं.

"ऑर्डर कशाची आलीय मॅडम! पैशाचं नाव काढू नका. शाळंला माझ्याकडून," तो म्हणाला. मॅडम गेल्यावर बराच वेळ तो एकटाच खूश होता.

संध्याकाळी अक्षरा शाळेतून आली ती दप्तर न ठेवताच बोलायला लागली.

"अप्पा, तुम्ही हाव म्हणून बसलात?"

"मग? शाळंला न्हाई म्हणू का?"

"वर्गातली पोरं नाचून राहिलीत. सुटलो म्हणतात."

"मग चांगलंच झालं की."

"आणि आमचं? जेवण बाहेरून येणार म्हणून कार्यक्रम बदलला. प्रमुख पाहुणे येणार, त्यांचा सत्कार, त्यांचं भाषण. मुलींमधून एकीनं दोन मिनिटं मनोगत. बाकीच्यांनी गजरे वाटायचे."

"गजऱ्यानं काय होतं गं?"

"मी दिवाळीपासून भाषण लिहून राहिले, अप्पा. आम्ही अकरा जणी लिहून राहिलो."

उमादेवी वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "ज्यानं भाकर थापून घर चालवलं, त्यानंच पोरांपुढची परात उचलली," ती म्हणाली. "लई भारी काम केलं."

शिवमूर्तीनं आधी वाद घातला. भाजलेलं मनगट, सत्यमचा बाप, मॅडमची नोकरी, सगळं सांगून झालं. अक्षरा ऐकून घेऊन आत निघून गेली आणि जेवायला बसली तेव्हा मीठही आईकडेच मागितलं. रात्री भांडी आवरताना शिवमूर्तीच्या ध्यानात आलं की मुलांचं थापणं आणि मुलींचं बोलणं ही एकाच रिवाजाची दोन टोकं होती. पोरं मोकळी झाली की कार्यक्रम मोठ्या माणसांच्या हातात जातो, आणि मोठ्या माणसांना मुलींकडून गजरेच हवे असतात. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. हा रिवाज कुठं लिहून ठेवलेला नव्हता. नववीची मुलं निरोपाला जेवतात, पुढच्या वर्गातली पोरं समोर परातीत झटताना बघतात, आणि आता आपली पाळी हे त्यांना कळतं. यंदाच्या नववीनं खानावळीची भाकर खाल्ली तर पुढच्या वर्षी परात मागणारं कुणी उरणार नव्हतं. अण्णा गुरुजींचा रिवाज मोडला असता, आणि मोडणारा शिवमूर्ती असता.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला.

"मॅडम, मला भाकरी देता येणार न्हाईत."

"का? तब्येत?"

"तब्येत बरी हाय. भाकरी पोरांनीच करायच्या."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "अप्पा, खुलासा तुम्ही लिहिला होता की मी?"

"तुम्हीच."

"सत्यमच्या वडिलांसमोर कोण उभं राहिलं होतं?"

"तुम्हीच राहिलात, मॅडम. मी म्हणतो यंदा तवा हलणार न्हाई. माझ्याकडच्या लोखंडी शेगड्या आणतो, जमिनीत रोवतो. पोरांना आजपासून माझ्याकडं पाठवा. शिकवायचा जिम्मा माझा."

"आणि शिकताना कुणी भाजलं तर?"

"तर बंद," तो म्हणाला.

मॅडमनी पेन पुन्हा उचलला. मग त्यांनी अटी घातल्या. प्रत्येक पालकाची संमती. दर रविवारी सराव. समारंभाआधी प्रत्येक मुलानं त्यांच्यासमोर एक भाकर करून दाखवायची. एकाचाही हात कच्चा दिसला तर बेत रद्द. "आणि त्या दिवशी परातीला तुम्ही हात लावायचा नाही. लावलात तर मी म्हणेन, केटररच आणला," त्या म्हणाल्या. "पाहुणे मात्र येतील. त्यांना निमंत्रण गेलंय."

दहावीत मुलं नऊ होती. पहिल्या रविवारी नऊही जण खानावळीत तोंडं पाडून उभे राहिले. त्यांच्यात सुदर्शन नावाचा उंच पोरगा होता. मोठ्या भावाच्या शिकवणीसाठी त्याचं घर मुखेडहून लातुरात आलेलं. वडील एमआयडीसीत तेलाच्या कारखान्यात.

"मामा, आमच्यात बापे चुलीपाशी बसत न्हाईत," तो म्हणाला.

"जेवायला बसतात ना?"

"जेवायला बसतात."

"मग तिथनं हातभर पुढं सरक."

शिवमूर्तीनं थापायचं दाखवलं आणि उमादेवीनं हात न भाजता उलथायचं. भाकर परातीतून हातावर कशी घ्यायची, तव्यावर सोडताना बोटं कुठं ठेवायची, वरून पाणी फिरवताना वाफ कुठल्या बाजूला जाते, हे तिनं तवा थंड ठेवून आधी घटवून घेतलं. पोरांना वाटलं होतं, पहिल्याच दिवशी भाकरी होतील. पहिल्या दिवशी नुसती कच्ची भाकर गार तव्यावर उचलून ठेवणं आणि परत काढणं चाललं होतं.

दुसऱ्या रविवारी तवे तापले. कुणाची भाकर हातातच फाटली, कुणाची कडेला जाड आणि मधे पापडासारखी झाली. त्या भाकरी त्या दिवशी गिऱ्हाइकांना फुकट वाढल्या गेल्या. शिकवणीच्या पोरांनी संधी सोडली नाही.

"मामा, ही भाकर हाय का सोलापुरी चादर?"

"चादर पांघरता तरी येते. ही चावून राहिलो मघापासून."

"ए, कुणी केली रे ही?"

नऊ जणांनी माना परातीत घातल्या. शिवमूर्ती तव्यामागून म्हणाला, "दुरडीतली हाय. गुमान खा."

तिसऱ्या रविवारी सुदर्शनची भाकर फुगली. तो उठून उभाच राहिला आणि इतरांना बोलावून दाखवायला लागला. तेवढ्यात ती करपली. जानेवारी सरता सरता सगळ्यांच्या भाकरी खाण्याजोग्या झाल्या. गोल म्हणवण्याजोग्या दोघा-तिघांच्याच होत्या. कुणालाही फोड आला नव्हता. अक्षरा एव्हाना वडिलांशी बोलायला लागली होती, पण भाषणात काय आहे ते मात्र सांगत नव्हती.

ज्योत्स्ना मॅडम परीक्षा घ्यायला खानावळीत आल्या तेव्हा त्यांनी खुर्ची तव्यांच्या अगदी जवळ घेतली. नजर भाकरीवर नव्हती, पोरांच्या मनगटांवर होती. नऊ भाकरी झाल्या. त्यांनी दुरडीतली एक काढून ठेच्याबरोबर पूर्ण खाल्ली, हात धुतले आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." पोरांना एवढं प्रशस्तिपत्र पुरलं.

राहता राहिलं पीठ. हरणमाळात चन्नबसप्पांची पिठाची गिरणी आहे. तेही शाळेचे जुने विद्यार्थी. त्यांनी आपणहून सांगितलं, "पिठाची काळजी करू नका. शाळेला माझ्याकडून."

मॅडमनी आभार मानले. शिवमूर्तीनं तेव्हा पुढं होऊन दोन शब्द विचारायला हवे होते. पण गिरणीवाल्याला पिठाचं काय विचारायचं, असं त्याला वाटलं.

समारंभाच्या दिवशी शाळेच्या मागच्या मैदानात लोखंडी शेगड्या रोवल्या. प्रत्येक शेगडी हलवून बघितली ती मॅडमनी स्वतः. पलीकडे लिंबाच्या झाडांखाली सतरंज्या घातल्या होत्या आणि नववीचा वर्ग भुकेजून बसला होता. वांग्याची भाजी आणि वरण पालकांनी केलं होतं. प्रमुख पाहुणे प्लॉटिंगच्या धंद्यातले होते. ते वेळेवर आले आणि आपल्याला लवकर जायचं आहे, असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. चन्नबसप्पा पीठ घेऊन आले. पिशव्या नव्या कोऱ्या, तोंडं सील केलेली, वर गिरणीचं नाव छापलेलं.

"पॅकिंगची मशीन घेतलीय," ते कौतुकानं म्हणाले. "संक्रांतीलाच दळून पॅक करून टाकलं. ऐन वेळेला घाई नको."

शिवमूर्तीनं मनात दिवस मोजले. ज्वारीचं पीठ ताजं असेल तोवरच त्याला विरी असते. विरी म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा. शिळ्या पिठाची विरी जाते, आणि गरम पीठ बंद पिशवीत कोंबलं तर आणखी लवकर जाते. चन्नबसप्पांनी जन्मभर लोकांचं पीठ दळून त्याच दिवशी लोकांच्या हाती दिलं होतं. पीठ महिनाभर ठेवलं तर काय होतं, हे बघायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

शिवमूर्ती हात पाठीमागं बांधून उभा राहिला. पहिली भाकर सुदर्शननं थापली. कडेला भेगा पडल्या. त्यानं पाणी लावून सांधल्या. उचलायला गेला तर भाकरीचे दोन तुकडे झाले. शेजारच्याचंही तेच. तिसऱ्यानं पीठ जास्त मळलं, तर ते वाळूसारखं सुटं झालं. नऊ जणांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी शिवमूर्तीकडे.

अट हाताची होती, तोंडाची नव्हती. पण पोरांच्या रिवाजात आपलं तोंड घालायचं नाही, असं त्यानं स्वतःच ठरवलं होतं. ते त्याला आता जड जात होतं.

काय झालं ते चन्नबसप्पांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. "अप्पा, तुमच्या खानावळीतनं आणा की भाकरी," ते हळूच म्हणाले. "गाडी माझी हाय. पोरं उपाशी बसलीत."

मॅडमही जवळ आल्या. "आणायच्या का?" त्यांनी विचारलं. या वेळी त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता.

खानावळीत त्या दिवसापुरत्या बोलावलेल्या दोन बायांनी थापलेल्या भाकरी तयार होत्या. गाडीनं जाऊन यायला वेळ लागला नसता. नववीची पोरं जेवली असती, पाहुणे खूश होऊन गेले असते, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना आठवलं असतं की शेवटी खानावळीतूनच आणाव्या लागतात. मॅडमनी त्याला विचारलं होतं. निर्णय त्याच्यावर सोडला होता. शिवमूर्तीनं नववीच्या सतरंजीकडे बघितलं.

"मला कशाला विचारता, मॅडम," तो म्हणाला. "परात ज्यांची हाय त्यांना विचारा."

मॅडम वळल्या. "काय रे? आणायच्या का बाहेरून?"

एक जण म्हणाला, "आणू द्या की, मॅडम." सुदर्शन परातीतलं पीठ बोटांत चोळत होता.

"आमची आजी मुखेडला जुन्या पिठाला आधण घालती," तो म्हणाला. "उकळतं पाणी. मग चिकटतं."

"मग घाल की!"

"पाणी लई गरम असतं, मॅडम. तुम्ही न्हाई म्हणाल."

उपाय बरोबर होता आणि अडचणही खरी होती. शेगडी रोवून, तवा घट्ट करून, महिनाभर सराव करून जो धोका टाळला होता, तो आता पातेल्यात उकळणार होता. मॅडमनी सतरंजीकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, मग पोरांच्या हातांकडे. त्यांना दुसरा खुलासा लिहावा लागला असता तर तो कुणीही त्यांच्या बाजूनं वाचला नसता.

"एकानंच ओतायचं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी चार पावलं मागं. पिठात आधी कालथा घालायचा, हात नाही. मी सांगेन तेव्हा हात." आणि साडीचा पदर खोचून त्या पातेल्याशेजारी उभ्या राहिल्या.

आधण ठेवलं. पाणी उकळायला वेळ लागला, पीठ निवायला त्याहून जास्त. तोवर सतरंजीवर चुळबुळ सुरू झाली आणि पाहुण्यांनी दोनदा मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सूत्रसंचालन करणारे शिक्षक मॅडमकडे धावत आले.

"मॅडम, जेवणाआधी काय करू? काहीतरी भरायला पाहिजे."

"मुलींना उभं करा," मॅडम पातेल्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"एकीला?"

"भाकरी होईपर्यंत."

भाकरी व्हायला तास उलटून गेला. नऊ तव्यांवर एकेक भाकर सावकाश पडत होती आणि तेवढ्या वेळात अकराही मुली बोलल्या. एकीनं शाळेच्या स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल भाषण केलं. ती कडी अण्णा गुरुजींच्या काळापासून तुटलेली असावी, असं ती म्हणाली तेव्हा शिक्षकही हसले. लुंबिनी नावाच्या मुलीनं इतिहासाच्या तासाला झोप का येते याची शास्त्रशुद्ध कारणं दिली. प्रमुख पाहुणे आधी अवघडून बसले होते. मग त्यांनी फोन खिशात ठेवला. त्यांच्या भाषणाची आठवण कुणाला राहिली नाही, त्यांनाही.

अक्षरा सातवी उठली. कागद तिनं घडी करून मुठीत ठेवला होता.

"आमच्या वर्गात प्रोजेक्टर जोडायचा असला की सर मुलांना बोलावतात," ती म्हणाली. "रांगोळी असली की आम्हाला. मला रांगोळी येत नाही. मला प्रोजेक्टर जोडता येतो, कारण आमच्या खानावळीतला टीव्ही मीच दुरुस्त करते. दहा वर्षांत कुणी विचारलंच नाही, म्हणून आज सांगते. मी पुढं इलेक्ट्रॉनिक्सला जाणार आहे. माझ्या घरी अजून माहीत नाही. म्हणजे आता कळलं असेल."

सगळ्या माना चुलीकडे वळल्या. शिवमूर्ती अजून हात पाठीमागं बांधूनच उभा होता. शेजारी उभ्या असलेल्या उमादेवीनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तोंड मिटा. माशी जाईल."

"टीव्ही हीच दुरुस्त करायची?" त्यानं विचारलं.

"मग काय आपोआप व्हायचा?"

उकडीच्या भाकरी जाड झाल्या, थोड्या वातड, काहींना अंगठ्यांचे ठसे तसेच. पण एकही मोडली नाही. कुणाच्या हाताला काही झालं नाही. नऊ परातींतल्या भाकरी एका दुरडीत पडल्या, आणि मॅडमनी वरची पहिली घेतली. चन्नबसप्पा एका कोपऱ्यात उभे होते. त्यांना सुदर्शननं हाताला धरून पंगतीत आणून बसवलं.

"पिठानं लाज काढली आपली," ते भाकर मोडत म्हणाले.

"काका, भाषणं किती झाली बघा तुमच्या पिठामुळं," सुदर्शन म्हणाला.

नववीची पोरं हावऱ्यासारखी जेवली. त्यांच्यातल्या एकानं जाड भाकर उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाला, "पुढच्या साली याच्यापेक्षा वाईट आपल्याकडनं होणार न्हाई." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या वळून त्यालाच म्हणाल्या, "बोललास ना? मग दिवाळीनंतर यादीत पहिलं नाव तुझं."

शिवमूर्तीला ते ऐकू गेलं. तो त्या दिवशी पंगतीत मुलांच्या शेजारी जेवला. त्यानं तीन भाकरी खाल्ल्या आणि कुठली कुणाची ते विचारलं नाही. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी त्याला लवकर निघायचं होतं. अक्षरानं जाताना त्याला थांबवलं.

"अप्पा, रागावलात?"

"इलेक्ट्रॉनिक्सला गणित लागतं का?"

"लई लागतं."

"मग मला काही विचारू नको," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

दिवाळीची वाट बघायची गरज पडली नाही. पुढच्याच रविवारी नववीची चार पोरं, सायकली झेरॉक्सच्या दुकानाला टेकवून, खानावळीच्या दारात उभी राहिली. त्यांना मॅडमनी पाठवलं नव्हतं. आम्ही आपलं बघायला आलो, असं ती म्हणाली. शिवमूर्तीनं त्यांच्या नखांकडे बघितलं आणि सगळ्यांना आधी हात धुऊन यायला सांगितलं.